घड्याळ आमच्या हाती, सही तुमच्या

प्रति,
माननीय जिल्हा शल्यचिकित्सक
(जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. शेजारच्या जिल्ह्यांनीही पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजायला हरकत नाही.)

विषय : पक्षाघाताच्या रुग्णावरील उपचारात झालेल्या दिरंगाईबाबत मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस.
संदर्भ : माझा तेव्हाचा चार ओळींचा खुलासा.

महोदय,

त्या नोटिशीचा खुलासा मी मुदतीत दिला होता. मेट्रन मॅडमनी बजावलं होतं, "सिस्टर, लांबण लावू नका, प्रकरण वाढेल." मी लांबण लावली नाही आणि प्रकरण वाढलं नाही. आपण मला समज देऊन ते बंद केलंत. त्या समजेची नोंद माझ्या सेवापुस्तकात आहे. नोकरीत असताना खात्याविषयी बाहेर लिहायचं नाही, हा नियम मी शेवटच्या पाळीपर्यंत पाळला. आता निवृत्त आहे. चार ओळींत जे मावलं नाही ते आज लिहिते, तेही चारचौघांत. कारण बंद पाकिटातून आलेल्या सिस्टरच्या अर्जाचं कार्यालयात काय होतं, ते मला ठाऊक आहे.

नोटिशीत आरोप तीन होते. पहिला : रुग्ण आल्यापासून सीटी स्कॅन होईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ गेला आणि मी वरिष्ठांना वेळीच अवगत केलं नाही. दुसरा : वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोंडी आदेशाचं पालन केलं नाही. तिसरा : अधिकारकक्षा ओलांडून सीटी स्कॅनच्या तंत्रज्ञाशी परस्पर संपर्क साधला. म्हणजे एकाच रात्री, एकाच रुग्णाच्या बाबतीत मी कमीही केलं आणि जास्तही केलं. चौकशी समितीवर तीन डॉक्टर आणि एक प्रशासकीय अधिकारी होते. परिचारिका एकही नव्हती. असती तर हे तीन आरोप एका कागदावर एकत्र नांदू शकत नाहीत, एवढं तरी तिने लक्षात आणून दिलं असतं.

त्या रात्रीबद्दल आपण वाचलंत ते चौकशी अहवालात. मी तिथे होते.

पन्नाशीचा माणूस. बाजार समितीत भाजीचा टेम्पो चालवायचा. बायको आणि पुतण्या त्याला जीपमधून घेऊन आले तेव्हा आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लोंबकळत होता, बोलायला जात होता पण शब्द फुटत नव्हता. ओळखायला मला डॉक्टरांची गरज लागली नाही. चेहरा, हात आणि वाचा या तीन गोष्टी पाहिल्या की शंका घ्यायची, हे आता शाळेतल्या पोरांनाही शिकवतात. पुतण्याला खिडकीवर केसपेपर काढायला पाठवलेलं होतं, रांग होती. अपघात विभागाचे ड्युटीवरचे डॉक्टर आत ड्रेसिंगच्या खोलीत होते. उसाची ट्रॉली उलटली होती आणि चार मजूर रक्तबंबाळ होऊन आले होते. बंधपत्रावर आलेला तो तरुण मुलगा एकटा त्यांना शिवत होता. मी आत जाऊन सांगितलं, "सर, स्ट्रोक आहे, वेळेत आहे." तो म्हणाला, "सिस्टर, पाच मिनिटं." त्याला मी दोष देत नाही. त्याच्या हाताखाली माणूस मरत होता.

मी बायकोला विचारलं, "ताई, शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलंत?" आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर घड्याळात मिळत नाही. कुठली मालिका चालू होती, डेअरीला दूध घालून आले होते का, असं विचारावं लागतं. ती म्हणाली, "मुक्कामाची एसटी आली तेव्हा अंगणात उभे होते, कंडक्टरशी बोलले." मुक्कामाची एसटी साडेसातला येते. पुतण्याने मात्र सांगितलं होतं, "आत्ताच झालं." कारण त्याला बोलावलं ते आठ वाजता. तो आठपासून मोजत होता, मला साडेसातपासून मोजायचं होतं. त्यात अर्ध्या तासाचा फरक आहे, साहेब, आणि या आजारात अर्धा तास ही किरकोळ रक्कम नाही. झोपेतून उठताना झटका आलेल्या माणसाच्या बाबतीत तर घड्याळ रात्री झोपल्यापासून मोजावं लागतं. हा प्रश्न नीट विचारणं ही एक विद्या आहे आणि ती बहुतेक वेळा सिस्टरच्या अंगी असते, कारण नातेवाईक पहिल्यांदा बोलतात ते तिच्याशी.

साखर तपासली. साखर खूप उतरली तर तीही हुबेहूब पक्षाघातासारखी दिसते, म्हणून ती आधी बघायची; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्यापूर्वी सगळ्यांच्या बाबतीत थांबायला हवं अशी रक्ताची हीच एक तपासणी आहे. ती ठीक होती. दोन्ही हातांना सुया लावल्या. रक्त काढून ठेवलं. पुतण्या बाटलीतून पाणी पाजायला निघाला होता, त्याचा हात धरला. रक्तदाब एकशे नव्वदवर शंभर होता. तेवढ्यात आतून निरोप आला : जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडा. मी ती फोडली नाही. हाच तो तोंडी आदेश, ज्याचं मी पालन केलं नाही.

का केलं नाही ते खुलाशात लिहिलं नव्हतं. ती कॅप्सूल रक्तदाब धाडकन खाली आणते. गुठळीपलीकडचा मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच कसाबसा तग धरून असतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर दाब एकशे पंच्याऐंशीवर एकशे दहाच्या आत आणायचा, पण नसेतून, बेताबेताने. द्यायचं नसेल तर दोनशे वीसवर एकशे वीसपर्यंत बहुतेकदा हातही लावायचा नाही. हे माझं घरचं मत नाही, जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत छापलेलं आहे. मी निरोप पाठवला, "लॅबेटालॉल लिहून द्या, लगेच देते." लेखी मागितलं म्हणून मी उद्धट ठरले.

आणि तिसरा आरोप. सीटीचा तंत्रज्ञ रात्री घरी असतो. त्याला बोलवायचं तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो. सही करणारे हात रक्तात होते. विभागाच्या फोनवरून बाहेर फोन लागत नाही, म्हणून मी माझ्या मोबाइलवरून त्याला फोन केला. तो म्हणाला, "सिस्टर, फॉर्मशिवाय मी मशीन चालू केलं तर माझी नोकरी जाईल." त्याचंही खरं होतं. सही मिळाली तेव्हा दहा वाजले होते, लिफ्टमन निघून गेला होता, वॉर्डबॉय मामांनी आणि मी स्ट्रेचर उतारावरून ओढत नेलं. स्कॅन झाला दहा पन्नासला. रिपोर्ट बाहेरून आला अकरा वीसला : रक्तस्राव नाही. साडेसातपासून साडेचार तास म्हणजे रात्रीचे बारा. हातात चाळीस मिनिटं होती आणि इंजेक्शन आमच्याच आयसीयूच्या कपाटात होतं. फिजिशियन फोनवर म्हणाले, "आपल्याकडे न्यूरोलॉजिस्ट नाही, रेफर करा." मोठं शहर अडीच तासांवर. बारा वाजले तेव्हा गाडी घाटात होती.

इंजेक्शनच्या त्या कुप्या पुढे मुदत संपली म्हणून परत गेल्या. त्यांच्याबद्दल कुणाला नोटीस गेल्याचं ऐकिवात नाही.

तो माणूस वाचला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. त्याच्या बायकोने तक्रार केली आणि तिची तक्रार रास्त होती. तिने ती रुग्णालयाविरुद्ध केली होती. त्यात माझं नाव समितीने घातलं. ती पुढे मला दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत भेटली. म्हणाली, "ताई, तुमच्यावर यावं असं मला नव्हतं." हे मला आपल्या कार्यालयातून कुणी म्हणालं नाही.

आता मला आपल्याला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. आठ चाळीस, दहा, दहा पन्नास, अकरा वीस या वेळा समितीला मिळाल्या कुठून? केसपेपरवर फक्त तारीख होती. डॉक्टरांच्या टिपणात वेळ नव्हती. सीटीच्या वहीत "रात्रपाळी" एवढंच लिहिलेलं होतं. प्रत्येक वेळ माझ्या नोंदवहीतून घेतली, कारण त्या रात्री घड्याळ पाहणारी मी एकटीच होते. ज्या बाईने वेळ लिहिली, वेळेचा आरोप तिच्याच माथी मारलात. यातून बाकीच्या मुली काय शिकल्या, सांगू? पुढच्या महिन्यापासून नोंदवहीत वेळा लिहिणं कमी झालं. "सिस्टर, वेळ लिहिली की अडकतो," असं एका नव्या मुलीने मला सांगितलं, आणि तिला खोडून काढायला माझ्याकडे उदाहरण नव्हतं.

या आजारात वेळ म्हणजे काय, ते आपल्याला मी सांगणं म्हणजे आगाऊपणा. पण नोटीस काढताना आपण विसरला असाल म्हणून लिहिते. जेफ्री सेव्हर या न्यूरोलॉजिस्टने २००६ साली हिशेब मांडला की मोठी रक्तवाहिनी तुंबली तर उपचाराविना मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. प्रत्येक माणसाला हा आकडा तंतोतंत लागू होणार नाही. पण सरासरीनेच धरलं तर आमच्या दारापासून स्कॅनपर्यंतच्या दोन तास दहा मिनिटांत पंचवीस कोटींच्या आसपास पेशी गेल्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन उपयोगी पडतं हे अमेरिकेतल्या चाचणीने १९९५ साली दाखवलं, तीन तासांच्या आत. २००८ साली युरोपातल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. २०१५ साली पाच चाचण्या पाठोपाठ आल्या आणि मोठी गुठळी तार घालून ओढून काढता येते हे सिद्ध झालं. औषध आहे, यंत्र आहे, पुरावा आहे. अडलं आहे ते दारापासून यंत्रापर्यंतच्या वाटेवर, आणि त्या वाटेवर रुग्णासोबत चालते ती सिस्टर.

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या रुग्णालयात १९९८ साली दारापासून सुईपर्यंत साधारण १०५ मिनिटं लागत. २०११ पर्यंत ती २० वर आली. त्यांनी नवं औषध शोधलेलं नव्हतं. ॲम्ब्युलन्समधून आधीच फोन येऊ लागला. रुग्ण येण्याआधी त्याची माहिती घेऊन ठेवली जाऊ लागली. त्याला खाटेवर न उतरवता ॲम्ब्युलन्सच्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीकडे नेऊ लागले. ज्या तपासण्यांसाठी थांबायची गरज नाही त्यांच्यासाठी थांबणं बंद झालं. औषध सीटीच्या टेबलापाशी पोचलं. आपल्या १०८ च्या गाडीतही डॉक्टर असतो, त्याच्याकडेही मोबाइल असतो. पण त्याने फोन करायचा कुणाला? अपघात विभागात फोन उचलून "आणा, आम्ही तयार आहोत" असं म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

समितीसमोर एका सदस्याने मला विचारलं होतं, "सिस्टर, डॉक्टर सांगतील तेवढं करायचं, हे तुमचं काम नाही का?" मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याने मला अजून झोप लागत नाही, म्हणून उत्तर आज देते.

ऑस्ट्रेलियात सँडी मिडलटन नावाच्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांत एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. पहिले तीन दिवस सिस्टरांनी ठरलेल्या नियमाने तीन गोष्टी पाहायच्या होत्या : ताप, साखर आणि गिळणं. ताप चढू लागला की पॅरासिटामॉल. साखर वाढली की इन्सुलिन. गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडातून अन्न नाही, पाणी नाही, गोळीही नाही. नव्वद दिवसांनी पाहिलं तर जिथे हे केलं नव्हतं तिथे दगावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण ५८ टक्के होते. जिथे केलं तिथे ४२ टक्के. थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि चमचाभर पाणी, एवढ्या सामानावर. डॉक्टर सांगतील तेवढंच करणाऱ्या बायकांनी हा फरक पाडलेला नाही.

आपल्या वॉर्डात काय होतं, तेही सांगते. रुग्ण वर येतो, आई म्हणते "लेकरू सकाळपासून उपाशी आहे," आणि चहात बिस्किट बुडवून भरवते. अर्धा घसा लुळा पडलेला असतो. चहा फुप्फुसात जातो. तिसऱ्या दिवशी ताप येतो, सहाव्या दिवशी माणूस न्यूमोनियाने जातो, आणि कागदावर कारण पडतं पक्षाघात. त्या आईला कुणी अडवायचं? साठ खाटांच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर असते. तिने गिळण्याची तपासणी करायची असा आदेश नाही, नळी घालायची तर डॉक्टरांची वाट पाहायची, आणि डॉक्टर येईपर्यंत आईने तीन वेळा चहा पाजलेला असतो.

इंजेक्शन देणं ही तर मोठीच जबाबदारी, आणि ती मी सिस्टरकडे मागत नाही. रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेईल. स्कॅन वाचून निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. पण तो निर्णय सुईत उतरतो कसा ते पाहा. त्या इंजेक्शनचा, म्हणजे अल्टेप्लेजचा, डोस वजनावर ठरतो : किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, फार तर ९० मिलिग्रॅम. त्यातला दहावा भाग एका मिनिटात, बाकीचा तासाभरात. आपल्या अपघात विभागातला वजनकाटा उभं राहायचा आहे. ज्याचं अर्धं अंग गेलं तो उभा कसा राहणार? नातेवाइकांना विचारलं तर म्हणतात, "असेल साठ-सत्तर." आता त्याच कामाचं टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात देता येतं, तासाची ड्रिप वाचते, पण वजन त्यालाही लागतंच. झोपल्या जागी वजन करणाऱ्या काट्याची मागणी मी तीन वेगवेगळ्या साहेबांच्या काळात लिहून दिली होती. प्रत्येक वेळी ती 'निधी उपलब्धतेनुसार' झाली.

आणि दिल्यानंतर? पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, उरलेले सोळा तास दर तासाला रक्तदाब आणि मेंदूची अवस्था तपासायची. हिशेब करा : आठ, बारा आणि सोळा, एका रुग्णाच्या छत्तीस नोंदी. दाब एकशे ऐंशीवर एकशे पाचच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. डोकं ठणकू लागलं, उलटी झाली, माणूस गुंगीत जाऊ लागला की ड्रिप त्या क्षणी बंद करायची, कारण ही मेंदूत रक्त उतरल्याची खूण असू शकते. जीभ सुजते का तेही पाहायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना हा धोका अधिक. हे सगळं पाहणारी बाई त्याच वेळी बाकीच्या एकोणसाठ जणांच्या सलाईनच्या बाटल्या बदलत असेल, तर फिजिशियन "रेफर करा" म्हणणारच. त्यांनाही माहीत असतं की रात्री तीन वाजता रुग्णाकडे पाहायला कुणी नाही. न्यूरोलॉजिस्ट नसणं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं कुणी कागदावर लिहीत नाही.

दर वर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन साजरा होतो. आपण फीत कापता. मुली रांगोळीत मेंदू काढतात, तो निळा-लाल छान दिसतो. दुपारी प्रशिक्षण, चहा-समोसा, प्रमाणपत्र, फोटो. नोव्हेंबर उजाडला की ड्युटी बदलते आणि प्रशिक्षण घेतलेली मुलगी नेत्रविभागात जाते, बाळंतिणींच्या वॉर्डातली अपघात विभागात येते. मग दिरंगाई झाली की विचारणा होते, "प्रशिक्षण दिलं होतं ना?"

माझी बाजू मांडताना सोयीचं तेवढंच सांगणार नाही. मिडलटन यांच्याच गटाने पुढे ऑस्ट्रेलियातल्या २६ अपघात विभागांत असेच नियम रुजवायचा प्रयत्न केला. फरक पडला नाही. ज्या नियमांनी स्ट्रोक युनिटात जीव वाचवले, तेच अपघात विभागाच्या धबडग्यात हरले. मला त्याचं नवल वाटलं नाही. स्ट्रोक युनिटात ठरलेल्या सिस्टर असतात, त्यांचा शब्द चालतो, त्या पुढच्या महिन्यातही तिथेच असतात. अपघात विभागात दर तासाला वेगळी आग लागलेली असते. तिथे भिंतीवर तक्ता चिकटवून भागत नाही. आग विझवणाऱ्या डॉक्टरची वाट न पाहता घड्याळ सुरू करण्याचा हक्क कुणाला तरी द्यावा लागतो.

"सिस्टरला असा हक्क कसा देणार? कायद्यात बसतं का?" असं आपण विचाराल. आपल्याच खात्यात बसतं. गावच्या उपकेंद्रातली एएनएम, झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग पुढे पाठवू शकते. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचना तिला तो अधिकार देतात, कारण कुणाच्या तरी लक्षात आलं की डॉक्टर येईपर्यंत ती बाई उरत नाही. तिथे एकटी एएनएम औषध टोचू शकते आणि इथे जिल्हा रुग्णालयात जन्म घालवलेली अधिपरिचारिका सीटीवाल्याला "मशीन चालू कर" म्हणू शकत नाही. बाळंतिणीच्या वेळी आमच्या हातावर जो विश्वास टाकता, तो टेम्पोवाल्याच्या वेळी कुठे जातो?

न्यूरोलॉजिस्ट नसल्याचं कारणही आता जुनं झालं. हिमाचल प्रदेशात २०१४ साली टेलिस्ट्रोकचा प्रकल्प सुरू झाला. सीटी स्कॅन असलेल्या जिल्हा रुग्णालयांतून स्कॅनचे फोटो मोबाइलवर न्यूरोलॉजिस्टकडे जातात, तिकडून सल्ला येतो, इंजेक्शन तिथलाच डॉक्टर देतो, आणि औषध सरकार मोफत पुरवतं. डोंगरातल्या त्या जिल्ह्यांकडे आपल्यापेक्षा जास्त काही नव्हतं. आपल्याकडे त्या रात्री यंत्र होतं, औषध होतं, फिजिशियन होते, मोबाइलला रेंज होती.

आणखी एक भीती मला माहीत आहे : सिस्टर उगाच घंटा वाजवतील. वाजवतीलही. फिट येऊन गेलेला, तोंडाचा साधा लकवा झालेला, साखर उतरलेला असा कुणी ना कुणी चुकून सीटीपर्यंत जाईल. त्याची किंमत एक स्कॅन आणि तंत्रज्ञाची मोडलेली झोप. न वाजवलेल्या घंटेची किंमत दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत उभी असते.

मला माझ्या सेवापुस्तकातली नोंद पुसून नको आहे. माझी नोकरी संपली, त्या पानाने आता कुणाचं बिघडत नाही. मला एक स्थायी आदेश हवा आहे, एका पानाचा, आपल्या सहीचा. पक्षाघाताची शंका आली की अपघात विभागातली सिस्टर कुणाच्याही सहीशिवाय सीटीच्या तंत्रज्ञाला आणि फिजिशियनला एकदमच बोलावेल. केसपेपर आणि फॉर्म मागाहून. साखर, दोन सुया, रक्तदाब, वजन आणि 'शेवटचं नीट कधी पाहिलं' ही वेळ, एवढं ती आपणहून करेल. गिळण्याची तपासणी सिस्टर करेल आणि ती होईपर्यंत तोंडावाटे काहीही जाणार नाही, मग आदेश कुणाचाही असो. जिभेखालची कॅप्सूल बंद, लेखी बंद. प्रत्येक पाळीला प्रशिक्षण घेतलेली एक तरी सिस्टर असेल आणि तिला वर्षभर हलवलं जाणार नाही. इंजेक्शन मिळालेल्या रुग्णापाशी चोवीस तास वेगळी सिस्टर नेमली जाईल. झोपता वजनकाटा आणि बाहेर लागणारा फोन या वस्तू 'निधी उपलब्धतेनुसार'मधून बाहेर येतील. महिन्यातून एकदा सगळ्या पक्षाघातांच्या वेळा डॉक्टर, सिस्टर आणि तंत्रज्ञ एका टेबलावर मांडतील, आणि त्या टेबलावर मांडलेल्या वेळेसाठी कुणाला नोटीस जाणार नाही. त्याशिवाय खऱ्या वेळा कुणी लिहिणार नाही.

यातल्या काट्याला, फोनला आणि त्या वेगळ्या सिस्टरच्या पदाला पैसा लागेल. बाकीच्याला फक्त आपली सही लागेल. मसुदा सोबत जोडला आहे. शुद्धलेखन तपासून घेतलं आहे, तेव्हा त्या कारणाने परत पाठवू नये. खाली सहीसाठी जागा सोडली आहे. तिथे माझी सही चालत नाही, म्हणूनच हे पत्र.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अधिपरिचारिका
अपघात विभाग, रात्रपाळी

सोबत : स्थायी आदेशाचा मसुदा, पान एक.